शेवटचा फर्मा

आमच्या मामांना एखादी कादंबरी कशी आहे असं विचारलं, की ते आधी तिच्या पाठीवरून अंगठा फिरवतात, मग ती मधोमध उघडून शिवण बघतात आणि सांगतात, "कागद बरा आहे. शिलाई भिकार." झाला अभिप्राय. गोष्ट कशी आहे म्हणून खोदून विचारलं, तर म्हणणार, "ते वाचणाऱ्यांना विचार. मी शिवणारा."

मामा म्हणजे आईचे भाऊ. आई-वडील लवकर गेले, तेव्हा ताईला आणि मला त्यांनीच वाढवलं. स्वतः लग्न केलं नाही. का नाही, हे विचारायची आमची कधी छाती झाली नाही. वाचनालयाच्या मागच्या खोलीत ते चाळीस वर्षं पुस्तकं बांधतायत. खोलीत एक उंच टेबल, खळीचं पातेलं, मेण ओढलेला दोरा, दाभण आणि पुठ्ठ्यांचा ढीग. मी त्याच वाचनालयात पुढे काउंटरवर बसते. म्हणजे पुस्तकं फाटायला मी देते आणि फाटली की शिवतात मामा.

वाचत नाहीत म्हणून त्यांना पुस्तकातलं कळत नाही असं मात्र कुणी समजू नये. मळलेल्या पानांवरून ते सगळं ओळखतात. "ही बघ. चाळिसाव्या पानापर्यंत मळलीय, पुढे कोरी करकरीत. लोक इथे झोपले." किंवा, "हे पुस्तक हातात घेतलं की आपोआप एकशे बाराव्या पानावर उघडतं. तिथे काहीतरी चावट असणार." मी जाऊन बघते, तर असतंच. वर्तमानपत्रात परीक्षणं लिहिणाऱ्यांपेक्षा माझा मामांच्या अंगठ्यावर विश्वास जास्त.

आता ताई. ताई घरी शिवणकाम करते आणि आठवड्याला दोन कादंबऱ्या फस्त करते. आमच्या काउंटरवर अभिप्रायाची वही आहे, पुस्तक परत करताना दोन ओळी लिहायच्या. लोक 'छान', 'बरी', 'वाचनीय' असलं काहीतरी लिहून पळतात. ताई तसं करत नाही. 'नायिका पहिल्या पानापासून रडते. शेवटी मीही रडले, कंटाळ्याने.' हे तिचं. 'लेखकाला बायका आवडतात, पण त्याने एकही जवळून पाहिलेली नाही.' हेही तिचंच. तिचा अभिप्राय वाचून लोक पुस्तकं नेतात किंवा ठेवून जातात. चित्रपटांचंही तेच. तिने नाक मुरडलं की आमच्या सोमवारच्या मंडळातलं कुणी तिकिटाच्या वाटेला जात नाही.

सोमवारचं मंडळ म्हणजे संध्याकाळी वाचनालयात जमून पुस्तकांवर वाद घालणारी पाच-सहा माणसं. त्यात निवृत्त मास्तर मुख्य, कारण त्यांचा आवाज मोठा.

या मंडळाची लाडकी कादंबरी एकच. शाळेतल्या एका बाईंची गोष्ट. सगळी कादंबरीभर लेखक तिला नुसतं 'बाई' म्हणतो. नवरा तिला टाकून परगावी निघून जातो. बाई शिकवतात, पोरांच्या वह्या तपासतात, एकटीने संसार रेटतात. शेवटाकडे एक दिवस पोस्टमन पाकीट आणून देतो. अक्षर नवऱ्याचं. आणि बाई ते पाकीट न फोडता टेबलाच्या डुगडुगत्या पायाखाली सरकवतात आणि कामाला लागतात. बस्स. रडारड नाही, भाषण नाही. मग दोन-तीन पानांनी शेजारचे एक आजोबा येतात, आधी कुठेही न आलेले, आणि विचारतात, "बाई, माझी विजार झाली का?" या विजारीवर मास्तरांनी मंडळात दोन सोमवार व्याख्यान दिलं होतं. आजोबा म्हणजे काळ, आणि विजार म्हणजे माणसाची अपुरी राहिलेली इच्छा. वहीत त्यांनी पानभर लिहिलंय. मला त्यातलं काही कळलं नव्हतं, पण मी मान डोलावली होती.

हे पुस्तक ताईने अकरा वर्षांपूर्वी वाचलं. मामांनी नुकतंच बांधून दिलं होतं, खळ पुरती वाळलीही नव्हती. त्याआधी तीन वर्षं आमचे भाऊजी नोकरीच्या निमित्ताने परगावी गेले होते आणि तिकडचेच झाले होते. ना पत्र, ना निरोप. ताईने पुस्तक संपवलं आणि चारच दिवसांनी तिच्या दारात पोस्टमन उभा राहिला. पाकिटावर भाऊजींचं अक्षर.

तिने काय केलं असेल? कापड बेतायचं तिचं टेबल तेव्हाही डुगडुगायचं. पाकीट न फोडता तिने त्याच्या पायाखाली सरकवलं. आम्हाला म्हणाली, "पत्र आलं होतं. बाईंनी केलं तेच मी केलं. परत यायचं म्हणत असेल, तर माझं उत्तर हे." मी तिच्याकडे बघतच राहिले. भाऊजींचं पुन्हा पत्र आलं नाही, आणि आम्ही मनात म्हटलं, लाजला असेल.

त्या दिवसापासून ताई ताठ झाली. कुणी कीव करायला आलं, की ती टेबलाच्या पायाकडे बोट दाखवायची. "त्या पुस्तकाने मला शहाणं केलं," हे तिचं ठरलेलं वाक्य. अकरा वर्षं ती त्या एका पाकिटावर उभी होती, टेबलासारखीच.

यंदा त्या कादंबरीवर चित्रपट निघाला. मंडळ रविवारी दुपारी झाडून चित्रपटगृहात हजर. ताईने नवीन साडी नेसली होती. मामा कधी चित्रपटाला येत नाहीत, त्या दिवशीही आले नाहीत. डोकं दुखतंय म्हणाले.

मध्यंतरापर्यंत सगळे खूश. शाळा झकास, बाई झकास. मग पोस्टमन आला. ताईने माझा हात धरला. पडद्यावरच्या बाईंनी पाकीट उलटसुलट करून पाहिलं आणि टराटरा फोडलं! वाचलं, हमसून हमसून रडल्या आणि धावत स्टेशनवर गेल्या. गाडीतून नवरा उतरला. बाईंनी त्याची पिशवी स्वतःच्या हातात घेतली आणि दोघं घराकडे चालू लागली. समाप्त.

आम्ही सगळे थिजलो. मास्तर तर अंधारात उभेच राहिले. "आजोबा कुठे गेले? अहो, विजार कुठे गेली?" मागून कुणीतरी ओरडलं, "काका, घरी विसरला असाल!" सगळं चित्रपटगृह हसलं. आमच्या रांगेत कुणाला हसू आलं नाही.

ताई वाटेत एवढंच म्हणाली, "वाट लावली मेल्यांनी. तिला पिशवी उचलायला लावली." रागाने तिचा आवाज फुटत होता.

दुसऱ्या दिवशी वाचनालयात नव्या पुस्तकांचं पार्सल आलं. चित्रपटाच्या निमित्ताने कादंबरी पुन्हा छापली होती, मुखपृष्ठावर नटीचा फोटो. मी मुद्दाम शेवट काढला. म्हटलं, मूळ शेवट मंडळात मोठ्याने वाचून दाखवू आणि चित्रपटवाल्यांच्या नावाने एकत्र बोटं मोडू.

दोनशे आठव्या पानाची शेवटची ओळ मला पाठ होती. 'बाईंनी पाकीट उलटसुलट करून पाहिलं आणि'. पान उलटलं. 'थरथरत्या हातांनी फोडलं.'

मी पान मागे-पुढे उलटून पाहिलं. पुढे स्टेशन, गाडी, पिशवी. चित्रपटवाल्यांनी एक अक्षर बदललं नव्हतं. आजोबा नाहीत, विजार नाही, टेबल नाही.

मी आमची जुनी प्रत काढली. दोनशे आठ, 'पाहिलं आणि'. दोनशे नऊ, 'न फोडताच टेबलाच्या डुगडुगत्या पायाखाली सरकवलं.' पानांचे आकडे बरोबर, टाईप तोच, कागद तोच. मग बाइंडरची भाची म्हणून मला एक गोष्ट आठवली. छापखान्यात एका मोठ्या कागदावर सोळा पानं छापतात आणि घडी घालून त्याचा एक जुडगा करतात, त्याला फर्मा म्हणतात. असे चौदा फर्मे ओळीने शिवले की दोनशे चोवीस पानांचं पुस्तक. आणि प्रत्येक फर्म्याच्या पहिल्या पानावर, अगदी तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत खूण असते, कुठल्या पुस्तकाचा कितवा. वाचणारा तिकडे बघत नाही, बांधणारा मात्र बघतो. जुन्या प्रतीत 'शा-१', 'शा-२' असं 'शा-१३'पर्यंत होतं. शाळेचा शा. चौदाव्यावर होतं 'लाँ-१४'.

मी दोन्ही पुस्तकं काउंटरवर तशीच उघडी टाकून मागच्या खोलीत धावले.

"मामा, लाँ म्हणजे काय?"

मामा पुठ्ठ्याला खळ लावत होते. ब्रश जागच्या जागी थांबला. त्यांनी मान वर केली नाही.

"लाँड्री," ते म्हणाले. "चित्रपट निघाला असं ऐकलं, तेव्हाच म्हटलं, आता कळणार."

मग त्यांनी खालच्या कपाटातून, चिंध्यांच्या मागून, एक पुस्तक काढलं. त्याच लेखकाचं, त्याच छापखान्याचं. लाँड्री चालवणाऱ्या एका बाईची गोष्ट. तिलाही लेखक नुसतं 'बाई'च म्हणतो, मेल्याला दुसरं नाव सुचत नसावं. "दोन्ही एकाच आठवड्यात शिवण सुटून आली. दोन्ही चौदा फर्म्यांची. चष्मा बदलायचा राहिला होता, धाकटे. चौदावा उचलला तो या ढिगातला त्या ढिगावर गेला. तीन महिन्यांनी एक वाचक हे घेऊन आला, म्हणाला, 'अहो, या लाँड्रीवाल्या बाईला नवराच नाही, मग शेवटी ती स्टेशनवर कुणाला आणायला जाते?' तेव्हा मला कळलं."

"मग तेव्हाच का नाही उसवलंत?"

"पत्र टेबलाखाली गेलं होतं ना गं!" मामांचा आवाज चढलेला मी जन्मात पहिल्यांदा ऐकला. "काय म्हणून सांगू? पोरी, तुझा संसार माझ्या शिलाईत चुकला? मी हे पुस्तक लपवलं. रजिस्टरमध्ये लिहिलं, वाळवी लागली. दर रविवारी तिच्याकडे जेवायला जातो आणि त्या टेबलाच्या पायाकडे बघून घास गिळतो. त्यात तो परत येतो म्हणाला असेल तर? अमक्या दिवशी स्टेशनवर ये म्हणाला असेल, आणि ही गेली नसेल तर?"

मला खूप राग यायला हवा होता. पण मी त्यांच्या हातातला ब्रश काढून खळीच्या पातेल्यात ठेवला. एवढंच म्हटलं, "ताईला कळता कामा नये."

आणि तेवढ्यात मला आठवलं, दोन्ही पुस्तकं काउंटरवर उघडी आहेत. आणि आज सोमवार. ताई मंडळाच्या आधी पुस्तक बदलायला येते.

मी वळले, तर ताई दारात उभी होती. एका हातात जुनी प्रत, एका हातात नवी. दोन्हींमध्ये बोट, दोनशे नऊवर.

"मामा," ती म्हणाली, "यातलं खरं कुठलं?"

मामांनी नव्याकडे बोट दाखवलं. मग जे मला सांगितलं होतं, ते सगळं त्यांनी तिला सांगितलं. तिच्याकडे न बघता, दाभणाशी चाळा करत.

ताईने दोन्ही पुस्तकं मिटली. ती ओरडेल, पुस्तक फेकून मारेल, असं मला वाटलं. तिने पुठ्ठ्यांचा एक ढीग पायाने जवळ ओढला आणि त्यावर बसली.

"मग पाकीट टेबलाखाली घातलं ती बाई कोण?"

मामांनी तिला लाँड्रीचं पुस्तक दिलं. तिने पहिलं पान उघडलं.

चार तास ती तिथेच बसून वाचत होती. मी दोनदा चहा नेला, दोन्ही कप गार झाले. पुढे मंडळ जमलं, मास्तरांनी चित्रपटवाल्यांवर तोफ डागली, मी 'हो ना, हो ना' करत होते. मामा समोर बसून एकच पान चिकटवत होते. दोनशे आठ पानं संपल्यावर ताईने पुस्तक मिटलं. मंडळ तोवर पांगलं होतं.

"वीजबिल आहे," ती म्हणाली.

"काय?"

"त्या पाकिटात. लाँड्रीवाल्या बाईला तिसऱ्यांदा चुकीचं बिल आलंय, म्हणून ती ते फोडत नाही. टेबलाखाली घालते. आजोबा गिऱ्हाईक आहेत. आणि विजार ही विजारच आहे, इस्त्रीला दिलेली." ती उठली. "वीजबिलासाठी कुणी नवरा सोडतं का गं?"

मला हसू फुटणार होतं, पण तिचे डोळे बघून मी ते दाबलं. (मास्तरांना विजारीचं आम्ही अजून सांगितलेलं नाही. या वयात त्यांना सोसणार नाही.)

ती घरी निघाली. आम्ही दोघं मागून. मामांनी सवयीने खांद्याला पिशवी अडकवली होती. ताईने कुलूप उघडलं, दिवा लावला आणि बेतलेलं कापड टेबलावरून काढून खुर्चीवर ठेवलं. मग खाली वाकली.

"पोरी, राहू दे," मामा म्हणाले. "जे झालं ते झालं."

"अकरा वर्षं मी कशाला नाही म्हटलं ते मला बघू दे," ती म्हणाली. "मी टेबल उचलते. धाकटे, तू काढ."

पाकीट पिवळं पडलं होतं, एका कोपऱ्यावर टेबलाच्या पायाचा चौकोनी ठसा खोल रुतला होता. ताईने कापडाच्या कात्रीने ते फोडलं. आतून दुसरं पाकीट निघालं, कोरं, घडी घातलेलं, वर तिकिटं लावलेली आणि भाऊजींचा पत्ता लिहिलेला. आणि एक चिठ्ठी. ताईने ती मनात वाचली. पुन्हा वाचली. मग माझ्या हातात दिली.

'ट्रंकेच्या तळाशी माझी सर्टिफिकेटं राहिली आहेत. सोबतच्या पाकिटात घालून पाठवून द्यावीत. बाकी सामान नको. उत्तर पाठवण्याची गरज नाही. कळावे.'

मी उलटून पाहिलं. मागे कोरं होतं. तिचं नावसुद्धा लिहिलं नव्हतं.

मामा मटकन खाली बसले आणि तोंडावर हात ठेवून लहान मुलासारखे रडायला लागले. अकरा वर्षांचं ओझं उतरलं होतं, पण ते आता ताईच्या अंगावर पडलं होतं, हे मला दिसत होतं. ती टेबलाला धरून उभी होती.

"अकरा वर्षं," ती म्हणाली, "अकरा वर्षं मी त्याला नाही म्हणत होते गं. आणि त्याने विचारलंच नव्हतं."

कीव करायला आलेल्या प्रत्येक बाईला तिने तो टेबलाचा पाय दाखवला होता. मला वाटलं, आता ही कोसळणार. मी पुढे झाले, तर तिने हातानेच मला थांबवलं. आतल्या खोलीत गेली. ट्रंकेचं झाकण वाजलं, कापडाचे तुकडे उपसल्याचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा हातात तीन-चार जुनी सर्टिफिकेटं होती. ती तिने भाऊजींच्या कोऱ्या पाकिटात नीट घातली, जिभेने कड ओली करून चिकटवायला गेली, तर डिंक केव्हाच वाळून गेला होता.

"मामा, खळ आहे का?"

मामांच्या पिशवीत नेहमी बाटली असते. त्यांनी डोळे पुसले, बोटाने खळ लावली आणि कड दाबून धरली.

"या तिकिटांवर जाणार नाही ते," मी म्हटलं.

"जास्तीची लावू. पण त्याचं सामान माझ्या घरात नको."

एवढं बोलून तिने खुर्चीवरचं कापड पुन्हा टेबलावर पसरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी द्यायचं काम होतं. तिने कात्री चालवली आणि टेबल डुगडुगलं. तिने सवयीने पायाखाली चिठ्ठी सरकवली. पण पाकिटाशिवाय नुसती चिठ्ठी पातळ होती. टेबल डुगडुगतच राहिलं. तिने चिठ्ठी काढून कचऱ्यात टाकली.

मामा वाकले. पायाखालची फट त्यांनी अंगठ्याने चाचपली, जशी पुस्तकाची पाठ चाचपतात तशी. मग पिशवीतून पुठ्ठ्याचा तुकडा काढला, नजरेनेच माप घेऊन कापला आणि आत सरकवला.

ताईने दोन्ही हात टेबलावर ठेवून जोर लावला. टेबल जराही हललं नाही. तिने पुन्हा लावला. मग ती मामांकडे बघून म्हणाली,

"एवढंसं काम होतं, मामा. मग हे अकरा वर्षांपूर्वीच का नाही केलंत?"